मराठीसाठी औपचारिक व्याकरण लिहिताना: कुठे किती ताकद लागते

‘शनिवारवाड्यासमोरच्यांनाही’ हा एक शब्द आहे आणि ‘बाबांना राजूला सुमीने डबा आणल्याचं कळल्याचं समजलं’ हे एक वाक्य. मराठी माणसाला दोन्ही कळतात. दुसरं ऐकून कपाळाला आठ्या पडतील, एवढंच. संगणकाला औपचारिक व्याकरणातून, म्हणजे काय बरोबर आणि काय चूक हे ठरवणाऱ्या काटेकोर नियमांतून, समजावायला बसलं की मात्र दोघांची जात वेगळी निघते. पहिल्याला आठवण न ठेवणारं साधं यंत्र पुरतं, दुसऱ्याला ‘मागे कोण कोण वाट बघतंय’ हे लक्षात ठेवणारं यंत्र लागतं.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५६ साली व्याकरणांची, त्यांना लागणाऱ्या यंत्रांच्या ताकदीनुसार, जी उतरंड मांडायला सुरुवात केली, तिचा व्यवहारातला अर्थ हाच. नियमित व्याकरणाला ठरावीक संख्येच्या अवस्था आठवतात, त्यापलीकडे काही नाही. संदर्भमुक्त, म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणाला एक चळत मिळते: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. संदर्भसापेक्ष व्याकरणाला वाक्याच्या लांबीएवढी पाटी मिळते, आणि अनिर्बंध व्याकरणाला हवी तेवढी. वर चढावं तसा वेळही वाढतो आणि चुका शोधणंही अवघड होतं. म्हणून भाषेच्या प्रत्येक थरासाठी पुरेल तेवढं सर्वांत कमकुवत यंत्र घ्यायचं. खाली दीडेकशे शब्दांच्या कोशाचं छोटं मराठी व्याकरण याच रीतीने उभं केलं आहे. पायथॉन ही संगणकभाषा, त्यावर वाक्यं उलगडणारा एनएलटीके हा साधनसंच, आणि शब्दरूपांसाठी मर्यादित अवस्थांची यंत्रं बनवणारं फोमा किंवा एचएफएसटी एवढी साधनं पुरतात. सगळी फुकट आहेत.

१. आधी वाक्यं, मग नियम

साठ वाक्यं लिहून काढा. त्यातली वीस मुद्दाम चुकीची हवीत. या विसांतच खरी कसोटी असते. ‘मी पोळी खाल्ला’, ‘रामाने सीतेला पाहिली’, ‘वाडात गेलो’, ‘ती मुलगा आला’ अशी. बरोबर वाक्यं ओळखणं सोपं असतं, कारण ‘कोणतेही शब्द कोणत्याही क्रमाने’ असा एकच नियम लिहिला तरी सगळी बरोबर वाक्यं पास होतात. व्याकरण काय नाकारतं यावर त्याची किंमत ठरते.

पाटीवरची भाषा नमुन्यासाठी चांगली. ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील’ या पुणेरी वाक्यात कर्ता, काळाची मर्यादा, विधिविशेषण आणि भविष्यकाळ एवढं सगळं सात शब्दांत येतं, आणि वाक्य संदिग्ध मुळीच नाही.

२. लिपी साफ करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि टाळला तर पुढचे चार दिवस वाया जातात.

‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कोशात मात्र दोन वेगळे शब्द होतात. एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपं एक करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण हे दोन एकत्र करत नाही. ‘र + हलन्त + जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ + हलन्त’ घाला, असा बदल स्वतःच लिहावा लागतो.

दुसरा खड्डा पायथॉनचा. त्याच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या लिपीतला, ‘शब्दातलं अक्षर’ हा संकेत देवनागरी मात्रांना अक्षर मानत नाही. त्याने शब्द तोडायला गेलात तर ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हातात येतात. शब्द रिकाम्या जागेवर तोडा. याच कारणाने एनएलटीकेच्या नियमांत पदांची नावं मात्रांसकट देवनागरीत लिहिली की फाइल वाचली जात नाही. नावं आणि त्यांच्या किमती रोमन अक्षरांत ठेवा, फक्त अवतरणातले शब्द देवनागरीत. या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून नावं मराठीत दिली आहेत.

आणि ‘खाल्लं’ की ‘खाल्ले’? लेखी मराठीत ‘खाल्ले’ हे नपुंसकलिंगी एकवचनही असतं (केळे खाल्ले) आणि पुल्लिंगी अनेकवचनही (आंबे खाल्ले). अनुस्वाराचं रूप एकच अर्थ देतं. दोन्ही रूपं कोशात घ्या, पण ‘खाल्ले’ला दोन नोंदी द्या.

३. शब्दाच्या आत: नियमित व्याकरण पुरतं

मराठी नामाला प्रत्यय लागण्याआधी सामान्यरूप होतं, आणि नवशिक्याचं व्याकरण पहिल्यांदा इथेच कोसळतं. कोशात नामाच्या जोडीला चार खुणा लिहा: लिंग, शेवटचा स्वर, तत्सम आहे का, आणि विशेषनाम आहे का. मग नियम असे:

आकारान्त पुल्लिंगी: वाडा → वाड्या-, रस्ता → रस्त्या-, आंबा → आंब्या-.
अकारान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी: घर → घरा-, कागद → कागदा-.
ईकारान्त नपुंसकलिंगी: पाणी → पाण्या-.
उपान्त्य दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतात: फूल → फुला-, पीठ → पिठा-, वकील → वकिला-.
तीन अक्षरी शब्दात पहिलं अक्षर गुरू असेल तर मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो: लाकूड → लाकडा-, तांदूळ → तांदळा-, बेरीज → बेरजे-.
मधलं अक्षर नुसता ‘ऊ’ असेल तर व: पाऊस → पावसा-, देऊळ → देवळा-.

तत्सम शब्दांना ऱ्हस्वाचा नियम लागत नाही: गीताला, शरीराला, दूताला. ही खूण कोशात नसेल तर यंत्र बिनदिक्कत ‘शरिराला’ लिहील. गावांच्या नावांची तऱ्हा आणखी निराळी. ‘पुण्याला’, ‘साताऱ्याला’ म्हणतो, पण ‘नागपूरला’ आणि तरीही ‘नागपुरात’. म्हणजे ‘-ला’पुढे सामान्यरूप नाही, ‘-त’पुढे आहे. ‘स्वारगेटला’, ‘डेक्कनला’ त्याच वळणाचे. अशा नावांची वेगळी यादी ठेवणं हाच उपाय. त्यांच्यासाठी सुंदर नियम शोधत बसू नये.

प्रत्ययांचा क्रम ठरलेला आहे: नाम, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, मग ‘च्या’ किंवा ‘ल्या’, वचन, विभक्ती आणि शेवटी ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’. ‘वाड्या-समोर-च्यां-ना-ही’ असा शब्द उलगडतो. ‘च्या’नंतर पुन्हा शब्दयोगी अव्यय येऊ शकतं, ‘शेजारच्यांच्याकडच्यांना’. ही साखळी कितीही लांबली तरी यंत्राला फक्त ‘आत्ता कुठे आहे’ एवढंच माहीत हवं. अवस्थांच्या आकृतीत मागच्या अवस्थेकडे वळणारा एक बाण काढला की काम झालं.

इथे एक फसगत होते. ‘अमुक अक्षरानंतर आणि तमुक अक्षराआधी याचं ते होतं’ हा नियम दिसायला संदर्भसापेक्ष वाटतो. पाणिनीची मांडणी नेमकी हीच आहे: ज्याच्या जागी बदल व्हायचा ते षष्ठीत, काय यायचं ते प्रथमेत, पुढचा संदर्भ सप्तमीत आणि मागचा पंचमीत. ‘इको यणचि’ (६.१.७७) म्हणजे इ-उ-ऋ-ऌच्या जागी य-व-र-ल, पुढे स्वर असताना. पण नियमाचं रूप आणि त्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. असा नियम स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालत नसेल, तर त्याला नियमित व्याकरणाएवढीच ताकद लागते. भाषाशास्त्रज्ञ जॉन्सनने हे १९७२ साली दाखवलं, आणि कॅप्लन व के या दोघांची सविस्तर सिद्धता १९९४ साली छापली गेली. म्हणून वरचे सगळे नियम फोमात एकामागोमाग एक लिहून एकाच यंत्रात मुरवता येतात. क्रम मात्र सांभाळा. ‘लाकूड’ला आधी ऱ्हस्वाचा नियम लागला तर ‘लाकुडाला’ होतं आणि अ-चा नियम हात चोळत बसतो. विशेष नियम आधी, सामान्य नियम नंतर.

शब्दाच्या आत हे यंत्र दमतं ते एकाच ठिकाणी: ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’, ‘भांडीबिंडी’, ‘प्रवासबिवास’. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ येतो, अनुस्वार असला तर टिकतो आणि उरलेला शब्द जसाच्या तसा परत येतो. मर्यादित अवस्थांचं यंत्र हे प्रत्येक शब्दासाठी वेगळी वाट खोदूनच करू शकतं. पाच हजार नामांना पाच हजार वाटा, आणि उद्या नवा इंग्रजी शब्द आला की त्याचंही ‘बि’ रूप मराठी माणूस त्याच क्षणी करतो. तत्त्वतः नक्कल हे संदर्भमुक्त व्याकरणाच्याही आवाक्याबाहेरचं काम आहे, कारण चळत उलट्या क्रमाने परत देते आणि इथे सुलटा क्रम हवा. भाषाशास्त्रज्ञ कुलीने १९८५ साली पश्चिम आफ्रिकेतल्या बाम्बारा भाषेच्या शब्दसंग्रहाबद्दल शब्दाच्या पुनरुक्तीवरूनच असा निष्कर्ष काढला होता. व्यवहारात सबंध व्याकरणाची पायरी वाढवू नका. दोन्ही भाग पहिलं अक्षर सोडून जुळतात का, हे बघणारं पाच ओळींचं फलन (फंक्शन) पुढे बसवा आणि बाकी यंत्र साधंच राहू द्या.

४. वाक्यात शिरल्यावर तेच यंत्र का चालत नाही

सुरुवातीचं वाक्य पुन्हा बघा. बाबांना–समजलं, राजूला–कळल्याचं, सुमीने–आणल्याचं. जोड्या एकात एक आहेत, कंसांसारख्या. ‘कळणे’, ‘समजणे’, ‘आठवणे’ यांना प्रत्येकी एकच ‘-ला’वालं माणूस लागतं.

मराठीत कर्ता गाळता येतो हा आक्षेप इथे रास्त आहे. ‘सुमीने डबा आणल्याचं कळल्याचं समजलं’ हेही चालतं. म्हणजे माणसं आणि क्रियापदं तंतोतंत सारखी नसतात, माणसं क्रियापदांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, एवढंच. पण एवढ्यानेही भागतं. अवस्था मर्यादित असतील तर पुरेशा लांब वाक्यात माणसांच्या रांगेत एखादी अवस्था पुन्हा येतेच. ते वळण हवं तितक्या वेळा फिरवलं की माणसं क्रियापदांपेक्षा जास्त होतात आणि यंत्र तरीही ‘बरोबर’ म्हणतं.

प्रत्यक्षात तिसऱ्या थरापुढे माणूसही गोंधळतो, मग तीन थरांपुरतं नियमित यंत्र का करू नये? करता येतं. पण त्यात नामपदाचे तेच नियम प्रत्येक थरासाठी पुन्हा लिहावे लागतात, आणि एक दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते. तिसरं ठिकाण हमखास विसरतं.

५. प्रयोग: संदर्भमुक्त नियमांचं खरं काम

शाळेत घोकलेले कर्तरी, कर्मणी आणि भावे इथे कामाला येतात, किंबहुना त्यांच्याइतकी नेमकी मांडणी आयती मिळणं कठीण.

साध्या संदर्भमुक्त व्याकरणात लिंग ३, वचन २, पुरुष ३ धरून प्रत्येक नियमाच्या १८ प्रती होतात. त्यापेक्षा पदांना चौकटी कंसात वैशिष्ट्यं जोडा. ल, व, प या रिकाम्या जागा आहेत, आणि एका नियमात तेच अक्षर जिथे येईल तिथे किंमत सारखीच हवी:

कर्तरी: वाक्य → नाम[प्रथमा, लिंग=ल, वचन=व, पुरुष=प] क्रिया[लिंग=ल, वचन=व, पुरुष=प]
कर्मणी: वाक्य → नाम[ने] नाम[प्रथमा, लिंग=ल, वचन=व] क्रिया[भूत, लिंग=ल, वचन=व]
भावे: वाक्य → नाम[ने] नाम[ला] क्रिया[भूत, नपुंसक, एक]

दुसऱ्या नियमाने ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ येतात. तिसऱ्याने ‘रामाने सीतेला पाहिलं’ येतं आणि ‘पाहिली’ नाकारलं जातं. आता चौथा: ‘तू पोळी खाल्लीस’. इथे लिंग-वचन पोळीचं आणि पुरुष ‘तू’चा. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात, आणि क्रियापद एकाच वेळी दोघांचं ऐकतं याचा यापेक्षा स्वच्छ नमुना नाही. नियमात क्रियापदाला दोन वेगळे धागे द्या, कर्माकडून ल आणि व, कर्त्याकडून प. ‘तुम्ही पोळी खाल्लीत’साठी कर्त्याचं वचनही लागेल.

हमखास होणाऱ्या दोन चुका. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना ‘ने’ दिसत नाही, म्हणून लोक त्यांना फक्त प्रथमेत टाकतात आणि ‘मी पोळी खाल्ली’ नापास होतं. त्यांच्या दोन-दोन नोंदी करा. दुसरी चूक म्हणजे सकर्मक क्रियापद भूतकाळात ‘ने’ घेणारच असं मानणं. ‘मी मराठी शिकलो’, ‘ती नाव विसरली’, ‘तो त्याला भेटला’ यांत कर्ता प्रथमेतच राहतो. ‘शिकणे’, ‘विसरणे’, ‘बोलणे’, ‘भेटणे’ अशांना कोशातच खूण करा.

वैशिष्ट्यं जोडल्याने ताकद वाढली का? नाही. किमती मोजक्या आहेत, तोवर हे संदर्भमुक्त व्याकरणाचं लघुलेखन आहे. एखाद्या वैशिष्ट्याची किंमत म्हणून अमर्याद वाढणारी यादी ठेवलीत की मात्र पायरी बदलते. अशा व्याकरणात काहीही मोजता येतं, आणि विश्लेषण संपेल याचीही खात्री उरत नाही.

६. शब्दक्रम

‘मी काल लक्ष्मी रोडवरून साडी आणली.’ क्रियापद शेवटी ठेवून उरलेली चार पदं २४ प्रकारे लावता येतात आणि बहुतेक सगळी कानाला चालतात. पाच पदं झाली की १२०. एवढे नियम लिहू नका.

क्रियापदाला तीन चौकटी द्या: कर्ता, कर्म, संप्रदान (ज्याला दिलं तो). प्रत्येक भरलेली किंवा रिकामी, म्हणून एकूण ८ स्थिती. मग एकच द्विपदी नियम लागतो: पद + उरलेलं वाक्य, आणि पद आलं की त्याची चौकट भरली. ‘काल’, ‘लक्ष्मी रोडवरून’ अशी पदं कोणतीच चौकट भरत नाहीत. स्थिती आठच असल्याने आपण अजूनही संदर्भमुक्त पायरीवरच आहोत. ‘आणली का साडी?’ यासारख्या क्रियापदानंतरच्या पदांसाठी उजवीकडून जोडणारा आणखी एक नियम घाला, पण तो मुख्य वाक्यापुरताच. नाहीतर आतल्या उपवाक्यांतून निरर्थक झाडं, म्हणजे कोणतं पद कशाला जोडलं ते दाखवणाऱ्या आकृत्या, फुटतात.

७. याच्याही वर जायचं का?

नैसर्गिक भाषा संदर्भमुक्त नाहीत असे पुरावे अनेकांनी दिले होते. पुलम आणि गॅझडर या भाषाशास्त्रज्ञांनी १९८२ साली ते एकेक तपासून बाद केले. वाक्यरचनेपुरता टिकला तो संगणकशास्त्रज्ञ शीबरने १९८५ साली मांडलेला स्विस जर्मनचा पुरावा. तिथे ‘मुलांना हान्सला घर रंगवायला मदत करू देतो’ यासारख्या उपवाक्यात आधी सगळी नामं येतात, मग त्याच क्रमाने सगळी क्रियापदं. पहिलं नाम पहिल्या क्रियापदाचं, दुसरं दुसऱ्याचं. ‘मदत करणे’ला एक विभक्ती लागते, ‘करू देणे’ला दुसरी, आणि त्या बदलून चालत नाहीत. जोड्या एकमेकींना छेदतात, आणि चळतीला ते झेपत नाही.

मराठीत तेच सांगताना क्रियापदं उलट्या क्रमाने येतात: ‘मी राजूला सुमीला घर रंगवायला मदत करायला सांगितलं’. राजू शेवटच्या ‘सांगितलं’चा, सुमी मधल्या ‘मदत करायला’ची. कंसात कंस. चळत खूश.

‘ज्याने ज्याला जे दिलं, त्याने त्याच्याकडून ते परत घ्यावं’ या वाक्यात मात्र जोड्या छेदतात. यावरून मराठी संदर्भमुक्त नाही असं जाहीर करायची घाई करू नका. ‘तो’चा क्रम बदलता येतो, आणि जोड्या दोन-तीनच्या पुढे जात नाहीत. या वाक्यांच्या शब्दमाळा साधं व्याकरणही देऊ शकतं. कोणता ‘तो’ कोणत्या ‘जो’चा हे नीट दाखवणारी रचना देणं हा वेगळा प्रश्न. शब्दमाळा देण्याची ताकद आणि योग्य रचना देण्याची ताकद यांची गल्लत या विषयातल्या अर्ध्या वादांच्या मुळाशी आहे.

छेदणाऱ्या जोड्या खरोखर हव्या असतील तर वृक्ष-संयोजन व्याकरण, म्हणजे टॅग, घ्या. १९२९ साली पुण्यात जन्मलेल्या आणि इथेच अभियांत्रिकी शिकलेल्या अरविंद जोशींनी ते लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासोबत १९७५ साली मांडलं. त्यात नियमांऐवजी छोटी झाडं असतात, आणि एका झाडाचा मधला सांधा उघडून त्यात दुसरं झाड बसवता येतं. त्यामुळे आधी जवळ असलेले दोन शब्द कितीही लांब जातात, तरी त्यांचं नातं एकाच झाडात लिहिलेलं राहतं. जोशींनी या पायरीला ‘किंचित संदर्भसापेक्ष’ म्हटलं. चार गट सारख्या संख्येने जुळवणं टॅगला जमतं, पाच जमत नाहीत. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची ‘मंत्र’ ही भाषांतर प्रणाली याच व्याकरणावर उभी आहे.

किंमत बघून घ्या. संदर्भमुक्त विश्लेषणाचा वेळ वाक्याच्या लांबीच्या घनाने वाढतो, टॅगचा सहाव्या घाताने. २० शब्दांना पहिल्यात ८,००० च्या पटीत पायऱ्या, दुसऱ्यात ६ कोटी ४० लाखांच्या. साठ वाक्यांच्या या व्याकरणाला टॅगची गरज नाही.

८. झाडं मोजा

साठही वाक्यं चालवा आणि प्रत्येकापुढे किती झाडं आली ते लिहा. चुकीच्या वाक्यापुढे शून्य हवं. बरोबर वाक्यापुढे शून्य आलं तर आधी कोश तपासा, मग नियम, कारण दोष बहुधा हरवलेल्या नोंदीत असतो.

एकापेक्षा जास्त झाडं हा नेहमीच दोष नसतो. ‘जुन्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी’ यात जुना वाडा की जुनी विहीर? सामान्यरूपात विशेषण तिन्ही लिंगांना ‘जुन्या’च होतं, त्यामुळे दोन झाडं बरोबरच आहेत. ‘महानगरपालिका कर संकलन विभाग कार्यालय’ या पाच नामांची जोडी-जोडीने १४ झाडं होतात, सहा नामांची ४२, सातांची १३२. अशा पाट्यांसाठी ‘कर संकलन’ आणि ‘विभाग कार्यालय’ कोशात अखंड शब्द म्हणून टाकले की तीनच घटक उरतात आणि झाडं दोनवर येतात.

सहा शब्दांच्या साध्या वाक्याला दहाहून जास्त झाडं आली तर दोन झाडं शेजारी छापा आणि ती पहिल्यांदा कुठे वेगळी होतात ते पाहा. बहुतेक वेळा एकच पद दोन नियमांनी तयार होत असतं, किंवा क्रियाविशेषण डावीकडूनही जोडलं जातं आणि उजवीकडूनही. त्यातला एक नियम काढा आणि साठही वाक्यं पुन्हा चालवा. फक्त बिघडलेलं वाक्य तपासून थांबलात तर दुसरीकडे काय मोडलं ते कळणार नाही.